गोविंदरावांनी मोडलेलं वळण

माझ्या लग्नाला माझे थोरले दीर नव्हते. सासऱ्यांनी त्यांची ओळख करून दिली ती एका पोस्टकार्डावरून. फडताळातून ते कार्ड काढून माझ्या हातात देत ते म्हणाले, "हा आमचा गोविंद. असं लिहितो." काळ्या शाईत एकेक अक्षर असं बसवलं होतं की मी ते कार्ड उलटंसुलटं करून बराच वेळ नुसती बघत राहिले. काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही.

गोविंदराव लघाटे आधी झाशीच्या कचेरीत एका वकिलाकडे नक्कलनवीस होते. अर्ज आणि दस्तऐवज यांच्या हातानं नकला काढायच्या, हे त्यांचं काम. शेहेचाळीस साली त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगी झाली होती, तीही दोन दिवसांनी गेली. त्यानंतर वर्षभर ते कसेबसे घरात राहिले आणि मग एका ठेकेदाराच्या रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून म्हणून निघून गेले. एक रस्ता झाला की दुसरा. तेरा वर्षं त्यांनी तंबूत काढली. झाशीला आले तर चार दिवस राहायचे, मग परत.

जगदलपूरच्याही पुढे जंगलात काम चाललं होतं तेव्हा त्यांना तिथे जयसिंग भोईटे भेटला. तोही झाशीचाच, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला. त्याचे पूर्वज फौजेबरोबर आले होते, आमचे पूजापाठाला आणि कारकुनीला, एवढाच फरक. जयसिंग मजुरांच्या टोळीवर मुकादम होता. आजूबाजूला कुणाची भाषा कळायची नाही, तिथे दिवसाकाठी आपलं बोलणं कानावर पडतंय याचंच दोघांना अप्रूप. जयसिंगला सहीपुरतं लिहिता यायचं. त्यामुळे दर पंधरवड्याला तो गोविंदरावांच्या तंबूत येऊन बसायचा आणि ते त्याचं घरचं पत्र लिहून द्यायचे.

जयसिंग सांगायचा ते असं: मी बरा आहे. पावसाच्या आधी छपराची कौलं फिरवून घ्या. म्हशीच्या पायाला हळद लावा. आणि शेवटी म्हणायचा, "बाबूजी, पोरीला काहीतरी छान लिहा. मला सुचत नाही, तुम्हाला सुचतं."

मग गोविंदराव जानकीला लिहायचे. मोहाची फुलं खाऊन रस्त्याच्या मधोमध झोपलेल्या अस्वलाची गोष्ट. रोलरची शिट्टी ऐकून पळालेल्या माकडांची गोष्ट. पत्राच्या शेवटी प्रत्येक वेळी एक ओळ असायची: जानू, तू आईला पत्र वाचून दाखवतेस, तेव्हा मला इथे ऐकू येतं. ही ओळ त्यांची स्वतःची होती. जयसिंगनं ती ऐकली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि तो म्हणाला होता, "हे राहू द्या. दर वेळी लिहा."

एकोणसाठ साली दिवाळीनंतर जयसिंगला ताप आला. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर होता, बैलगाडीनं. सहाव्या दिवशी गाडी जुंपली, पण निघायच्या आधीच तो गेला. तिथेच ओढ्याकाठी गोविंदरावांनी त्याला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखंच एक निळं अंतर्देशीय पत्र घेतलं आणि बातमी लिहिली. हिंदीत लिहावं की मराठीत, याचा त्यांनी विचार केला होता. असली बातमी माणसाला आपल्या भाषेत कळावी, असं त्यांना वाटलं. म्हणून मराठीत लिहिली. आणि सगळ्यात वर, मायन्याच्याही आधी, एक ओळ लिहिली: हे पत्र घरातल्या मोठ्या माणसाने आधी एकट्याने वाचावे.

*

साठ सालच्या वैशाखात ते कायमचे घरी आले. सासरे तोवर गेले होते. मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक ओसरी, एवढं आमचं घर. यांची रेल्वेत नोकरी होती, माझा मुलगा नुकता रांगायला लागला होता. भाऊजींनी ओसरीवर आपली वळकटी टाकली. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "लीला, जयसिंगची पेटी द्यायला जायचंय. घरी बाईमाणूस एकटं आहे. तू चलशील बरोबर?"

भोईट्यांचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. जयसिंगची बायको बकुळाबाई विड्या वळत बसल्या होत्या. माझ्याएवढ्याच असतील, चोवीस-पंचवीसच्या. सुपात पानं, मांडीवर तंबाखू, हात थांबत नव्हते. पेटी पाहिल्यावर मात्र थांबले. त्या उठल्या, पदर सावरला, आम्हाला पाणी दिलं आणि पेटी न उघडताच आत नेऊन ठेवली. रडल्या नाहीत.

कोपऱ्यात एक मुलगी पानं कापत होती. आठ-नऊ वर्षांची, हातपाय काटक्यांसारखे, कात्री मात्र सफाईनं चालत होती.

"ही जानकी का?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज मला वेगळाच वाटला.

"हो, बाबूजी. तिसरीत आहे. पण आता इस्कूलवाले नाव कमी करतो म्हणतात. वाचतच नाही. पहिले कशी फर्रफर्र वाचायची. बाप गेला तशी सगळी पढाई विसरली."

"विसरेल कशी?"

"मला काय समजतं, बाबूजी? मी अनाडी. मारून पाहिलं, समजावून पाहिलं. किताब समोर ठेवली की अशी बसते, दगडासारखी."

भाऊजी मुलीकडे बघत होते. ती आमच्याकडे बघत नव्हती.

"वहिनी, हिला रोज संध्याकाळी आमच्याकडे पाठवा," ते म्हणाले. "मी शिकवतो."

*

त्यांना कचेरीत पुन्हा नकलांचं काम मिळालं. वकिलाला त्यांचं जुनं अक्षर आठवत होतं. पाच वाजता ते घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि ओसरीवर सतरंजी घालून वाट बघायचे. जानकी यायची. वेळ कधी चुकवली नाही तिनं. यायची, बसायची, आणि पुस्तक उघडलं की मान खाली घालायची.

भाऊजींनी तिला कधी आवाज चढवून काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं, डोळे अधू असतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. मग वाटलं, पाठ्यपुस्तक कंटाळवाणं असेल, म्हणून चित्रांची पुस्तकं मागवली. बाजारात फिरवलं, दुकानांच्या पाट्या दाखवल्या. विड्यांच्या बंडलावरचे कागद आणले. ती चित्रं बघायची. कागदावरचा वाघ आवडला तर तो जपून ठेवायची. अक्षरांवर बोट ठेवलं की मात्र तिची नजर दुसरीकडे जायची.

गणित तिला यायचं. तोंडी हिशेब घातला तर माझ्या आधी उत्तर द्यायची. ते गोष्ट सांगायला लागले की तिचे डोळे मोठे व्हायचे, तोंड उघडं राहायचं. एकदा त्यांनी गोष्ट ऐन रंगात आणून सोडली आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

"पुढचं तू बघ. काय झालं ते मला सांग."

जानकी पुस्तकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नसलं कळलं तरी चालेल, काका."

मी आत पोळ्या लाटत होते. मला तिचा राग आला. एवढा मोठा माणूस दिवसभर खर्डेघाशी करून येतो, तुझ्यासाठी बसतो, आणि तू एक ओळ वाचत नाहीस. रात्रीच्या जेवणाला मी भाऊजींना तसं बोललेही. त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला आणि म्हणाले, "हट्टी मूल कसं दिसतं ते मला माहीत आहे, लीला. ही हट्टी नाही. ही घाबरते. कशाला ते समजत नाही."

तोपर्यंत ते जे काही दाखवत होते ते छापील होतं. हे मी मुद्दाम सांगते. पाटीवर ते तिच्याकडूनच काही काढून घ्यायला बघायचे, स्वतः कधी लिहून दाखवायचे नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांच्या मनात आलं की तिच्यासाठी आपणच एक गोष्ट लिहावी. बरुआसागरच्या तळ्यात एक म्हातारी मगर आहे, आणि बसमधून येणारी एक मुलगी तिच्याशी रोज बोलते, अशी काहीतरी ती गोष्ट होती. जाड कागदाची सोळा पानं त्यांनी दुमडली, मला सुई-दोरा मागितला आणि लाल दोऱ्यानं शिवली. आठ-दहा दिवस ते कचेरीतून आल्यावर लिहीत होते. मोठ्ठी अक्षरं, प्रत्येक पानावर चारच ओळी. मी आयुष्यात तितकं सुंदर हस्ताक्षर पाहिलेलं नाही.

जानकी आली तेव्हा त्यांनी ती वही तिच्या मांडीवर ठेवली. "ही तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणाजवळ नाही अशी."

तिनं पहिलं पान उघडलं. मी उंबऱ्यात उभी होते, मलाही तिचा चेहरा बघायचा होता. तो पांढरा पडला. तिनं वही मिटली, सतरंजीवर हळूच ठेवली, चपला पायात न घालता उठली आणि गल्लीतून निघून गेली.

आठ दिवस ती आली नाही. भाऊजी रोज सतरंजी घालायचे. नवव्या दिवशी त्यांनी ती घातली नाही. तेव्हा मी बकुळाबाईंकडे गेले.

*

बकुळाबाई एकट्याच होत्या. मी त्यांच्याबरोबर पानं निवडायला बसले आणि विचारलं. हातातली विडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "ती म्हणते, काका बाबांच्या अक्षरात लिहितात."

मला क्षणभर काही उमगलं नाही.

"यांची पत्रं बाबूजींनीच लिहिलेली असायची ना. मला ठाऊक होतं. पोरीला कोण सांगणार? तिनं विचारलंही नाही. तिला वाटायचं, बापाचं अक्षर."

"मग ते बघून तर तिला बरं वाटायला हवं," मी म्हटलं.

बकुळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं.

गल्लीतल्या लालाजींना वाचता यायचं. पण पत्र मराठीत. अक्षरं हिंदीसारखीच, पण लालाजी शब्द तोडायचे नको तिथे, आणि मायलेकींना हसू यायचं. म्हणून जानकीच वाचायची. शाळेत ती हिंदी वाचायला शिकली आणि घरची बोली कानात होती, म्हणून मराठीही आपोआप वाचायला लागली. पोस्टमन आला की ती गल्लीच्या टोकापासून पत्र घेऊन पळत यायची. त्या दिवशीही तशीच आली. निळं पत्र, तेच अक्षर. चुलीजवळ बसून तिनं कडा फाडल्या आणि वाचायला लागली, बोट ओळीखाली धरून, शाळेत वाचतात तसं ठासून. हे पत्र घरातल्या मोठ्या माणसाने आधी एकट्याने वाचावे.

"ती थांबली, लीलाबाई. मला म्हणाली, आई, मोठ्या माणसानं म्हणजे? मी म्हटलं, घरात मोठी मीच. वाच पुढे. मला वाटलं, काही मस्करी असेल यांची."

ती पुढे वाचत गेली. ताप आला, सहा दिवस होता, असं वाचलं. आणि मग बाप गेल्याची ओळही वाचली. वाक्य संपेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नसावं की आपण काय वाचतोय. तोंडानं वाचून झालं आणि मग कळलं.

"मी तिच्या थोबाडीत मारली," बकुळाबाई म्हणाल्या. "म्हटलं, खोटं वाचतेस. पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, नीट वाच. तीन दफा वाचवून घेतलं मी तिच्याकडून. तिसऱ्या दफा तिचा आवाजच निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते."

मी त्यांचा हात धरला. तंबाखूच्या वासाचा तो हात माझ्या हातात गार पडला होता.

घरी येताना मी ठरवलं होतं की भाऊजींना काही सांगायचं नाही. पण ते ओसरीवर बसले होते आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?" त्यांच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. बकुळाबाईंनी मारलं आणि तीनदा वाचायला लावलं, तेवढं मात्र मी गाळलं. एका बाईचं झाकलेलं दुःख मी दुसऱ्यापुढे का उघडं करावं, असं मला वाटलं.

भाऊजींनी एकच विचारलं. "वरची ओळ?"

"तीही तिनंच वाचली."

ते उठून नळावर गेले, उगाच हात धुतले, परत आले. "हिंदीत लिहिलं असतं तर लालाजींनी वाचलं असतं," ते म्हणाले. "त्यांनी आधी पाहिलं असतं. पोरीला बाहेर पाठवलं असतं." मग पुन्हा तेच म्हणाले, आणि पुन्हा. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जानकीला घेऊन आले. ओसरीवर बसवलं. मी आत गहू निवडत होते.

"जानकी, ते अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "तुझ्या बाबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे, मी लिहायचो."

ते पुढे सांगत गेले.

"शेवटचं पत्रही मीच लिहिलं. ते तुझ्या हातात पडेल हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं."

जानकीचा आवाज आला. "अस्वल?"

"अस्वल खरं होतं. दोघांनी पाहिलं होतं. लिहिलं मी."

"म्हशीच्या पायाला हळद?"

"ते त्यांचं. ते रोज म्हशीची आठवण काढायचे."

"आणि मी वाचते तेव्हा त्यांना ऐकू येतं, ते?"

इथे भाऊजी थांबले. मला आत बसून वाटत होतं, हो म्हणा. एवढं तरी तिच्याजवळ राहू द्या. पण ते म्हणाले, "ते मी लिहिलं होतं. त्यांना फार आवडलं होतं. पण शब्द माझे."

जानकी म्हणाली, "म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं."

"नाही, बाळ."

"मग ते पत्रही त्यांनी ऐकलं नसेल."

मी गव्हाचं ताट खाली ठेवलं. त्या मुलीनं नऊ महिने काय धरून ठेवलं होतं ते तेव्हा मला कळलं. तिला वाटत होतं की बाबा मेलेत हे तिनंच बाबांना वाचून सांगितलं.

"नाही ऐकलं," भाऊजी म्हणाले. "त्यांनी काहीच ऐकलं नाही. ते झोपेतच गेले होते." त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जानकी तिथेच बसून राहिली. ती रडली नाही, त्यांच्या जवळही गेली नाही. अंधार पडायच्या आधी उठून घरी गेली.

*

त्यानंतर भाऊजींनी जे केलं ते आजही मला पूर्ण समजलेलं नाही, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पंचेचाळिशीतला माणूस, त्यानं बाजारातून एक पाटी आणली आणि आपलं अक्षर मोडायला बसला. उजवीकडे झुकलेली अक्षरं सरळ करायची, गोलाईचे कोन करायचे, वेलांट्या आखूड करायच्या. पहिलीतल्या मुलासारखे ते 'क' गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. हात जुन्या सवयीनं वळायचा आणि सुंदर 'क' उमटायचा, मग ते तो ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. चार-पाच महिने असं चाललं होतं. शेवटी त्यांचं अक्षर अगदी कुरूप झालं, ठोकळ्यांसारखं, कुणाच्याही हातचं वाटावं असं.

आमच्या यांनी एकदा विचारलं, "दादा, तिच्यापुरतं वेगळं लिही की. कचेरीत तुझं तू लिही."

"हात एकच आहे," भाऊजी म्हणाले. "दोन वळणं ठेवली तर चुकून जुनं येईल."

वकिलानं दोन महिने सहन केलं. मग म्हणाला, "लघाटेजी, आपके हाथ को क्या हो गया?" ते काय सांगणार? नकलांचं काम गेलं. पुढे त्यांनी लाकडाच्या वखारीत देखरेखीची नोकरी धरली, तिथे लिहायचं काही नव्हतं.

मगरीची गोष्ट त्यांनी त्या नव्या अक्षरात पुन्हा लिहिली. पहिली वही कुठे गेली मला माहीत नाही. मी विचारलं नाही. नवी वही त्यांनी जानकीच्या हातात दिली नाही, सतरंजीच्या कडेला ठेवली आणि स्वतः तुळशीला पाणी घालायला गेले. तिनं ती त्या दिवशी उघडली नाही. पुढच्या आठवड्यात उघडली. ओठ घट्ट मिटून, बोट न लावता, पहिल्या पानाकडे बघत बसली. एका संध्याकाळी एक पान, कधी अर्धं. भाऊजी तिच्याकडे बघायचे नाहीत. मला खुणेनं सांगायचे, आवाज करू नकोस. सोळा पानांना तिला तीन महिने लागले. शेवटचं पान झालं तेव्हा ती म्हणाली, "मगर मरायला नको होती, काका."

त्यांनी ते पान फाडलं आणि पेन घेऊन दुसरं लिहून दिलं. मगर जगली.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. भाऊजींनाही वाटलं असेल. जानकी वाचायला लागली, पण मनातल्या मनात. तोंडानं तिनं एक शब्द वाचला नाही. वर्गात उभं करून वाचायला सांगत, तेव्हा ती नुसती उभी राही. पाचवीपर्यंत कसंबसं चाललं. सहावीतल्या बाईंना ते उद्धटपण वाटलं. हातावर वळ घेऊन यायची. भाऊजी मुख्याध्यापिकांना भेटायला गेले, मी बरोबर होते.

"ती वाचते," भाऊजी म्हणाले. "मनात वाचते. लिहून विचारा, सगळं सांगेल."

"मनात वाचते हे आम्ही कसं मानायचं?" त्या हिंदीत म्हणाल्या. "पन्नास मुली आहेत, लघाटेजी. एकीसाठी वेगळा कायदा कसा करू?"

खरं कारण भाऊजींनी त्यांना सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "ते तिचं आहे. मी कोण ते लोकांना सांगणार?"

चौसष्ट साली जानकीची शाळा सुटली. ती आईबरोबर विड्या वळायला लागली. भाऊजींकडे येत राहिली, पुस्तकं नेत राहिली, पण वर्षागणिक कमी. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, गरौठ्याला. नवरा शेती बघायचा, चांगला होता. पाठवणीला भाऊजी गेले नाहीत. लाकडाच्या वखारीत बसून राहिले.

ते तिला पोस्टकार्डं लिहायचे, त्या ठोकळ्या अक्षरात. चार कार्डांमागे एखादं उत्तर यायचं, दोन ओळींचं, हिंदीत. सब कुशल है. तिचं मराठी तिथे बोलायला कुणी नव्हतं. हळूहळू ते गेलंच.

*

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात भाऊजींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. आम्ही निरोप पाठवला, जानकी पहिल्या बसनं आली. दोन मुलं घरी ठेवून, तिसरी तान्ही काखेत. ओसरीवरची त्यांची खाट आम्ही आत घेतली होती. ती पायथ्याशी बसली. माझ्या मनात बरीच वर्षं एक आशा होती, ती मला त्या दिवशी आवरली नाही. मी यांच्या वर्तमानपत्राचं पान तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "थोडं वाचून दाखव गं त्यांना. बरं वाटेल."

जानकीनं पान घेतलं. त्यावर बोट ठेवलं आणि ओठ घट्ट मिटले. तेव्हा भाऊजींनी डावा हात उचलला आणि अडखळत म्हणाले, "राहू दे. बोल. नुसती बोल."

मग ती बोलली. हिंदी आणि बुंदेलीत, मधेच एखादा मराठी शब्द. हरभऱ्याला यंदा घाटे कसे धरलेत, सासू किती भांडते, मोठी मुलगी झाडावरून पडली तर डोक्याला किती टाके पडले. दोन दिवस ती बोलत होती आणि ते ऐकत होते. तिसऱ्या दिवशी तिला परत जावं लागलं. त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

तेराव्याला बकुळाबाई आल्या होत्या. भांडी आवरून झाल्यावर आम्ही दोघी मागच्या दारात बसलो. त्यांनी मला विचारलं, "मी पोरीला मारलं होतं, तीन दफा वाचायला लावलं होतं, हे बाबूजींना ठाऊक होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

"सांगायला हवं होतं, लीलाबाई," त्या म्हणाल्या. "सगळं आपल्यावर घेऊन गेले ते. थोडं माझ्यावर आलं असतं."

मी त्यांचं दुःख झाकत होते असं मला वाटलं होतं. बकुळाबाई पुढे सहा वर्षं जगल्या. आम्ही भेटायचो, कधी हळदीकुंकवाला, कधी गणपतीत, पण हा विषय पुन्हा निघाला नाही.

जानकी गरौठ्यालाच आहे. तिचे केस माझ्यासारखेच पांढरे झाले असतील. दिवाळीत तिच्या मुलाच्या फोनवरून ती मला फोन करते, काकू म्हणते, आणि पुढे सगळं हिंदीत बोलते. मी मराठीत बोलते. तिला कळतं.